घोडीची जखम : खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या दिवशी



आज आपण घोडीविषयी बोलणार आहोत. काही जणी म्हणतील, आमच्या दारात शेळ्या आहेत, म्हैस आहे, घोडं कुठलं? पण माण, खटाव, सांगोला, जत या भागातल्या कितीतरी धनगरवाड्यांचं बिऱ्हाड आजही घोड्यावर चालतं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वाडे बाहेर पडतात, पावसाळ्याच्या तोंडाला परत येतात. पुरुष मेंढरांबरोबर पुढे जातात. मागे राहिलेलं पाल, भांडी, धान्य, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं हे सगळं घोड्यावर लादून पुढच्या मुक्कामाला न्यायचं काम बायांचं. घोडी बांधायची आपण, सोडायची आपण, लादायची आपण, पाणी दाखवायचं आपण. तिला काही लागलं तर पहिली नजर आपलीच पडते.

आम्ही पशुसखीचं काम करतो. आमच्यातल्या निम्म्या जणी वाड्यावरच वाढलेल्या. तरी आमच्या हातून एक चूक झाली, आणि आजचं सगळं बोलणं त्या चुकीतून आलेलं आहे.

आमच्यातल्या एकीच्या वाड्यावर तांबडी घोडी होती. वाटेत तिच्या मागच्या पायाला तारेचं कुंपण लागलं. जखम केवढी, तर करंगळीच्या पेराएवढी. रक्तही फार नाही. आम्ही हळद भरली, वर फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी ओझं घालून निघालो. घोडी चालली. तिसऱ्या दिवशी जखमेचं तोंड मिटलं. आम्हाला वाटलं, बरं झालं, सुकली. चौथ्या दिवशी पहाटे बघतो तर घोडी तीन पायांवर उभी. सांधा फुगलेला, हात लावला तर चटका बसावा असा तापलेला. तोबरा तसाच भरलेला.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की तार सांध्यापर्यंत गेली होती. वरचं तोंड मिटलं आणि आत पू कोंडला. घोडी जगली, पण तिच्या पाठीवर पुन्हा ओझं घालता आलं नाही. त्या सालचा उरलेला रस्ता आम्ही बिऱ्हाड डोक्यावर वाहिलं.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट गाठीला बांधली आहे. जखम किती मोठी आहे ते पहिल्या दिवशी दिसतं. ती कुठल्या वाटेला लागली आहे ते तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी कळतं. म्हणून पहिल्या दिवशी मलमपट्टी करून निश्चिंत व्हायचं नाही.

सूज सूज सारखी नसते

घोड्याचे पाय नीट बघा. गुडघ्याच्या खाली मांस जवळजवळ नाहीच. हाड, शिरा आणि कातडी. तिथलं रक्त आणि पाणी वर ढकलायला घोडं चालावं लागतं, खूर टेकावा आणि उचलावा लागतो. म्हणून घोडं उभं राहिलं की पायाला सूज लवकर येते, आणि खालच्या पायाची जखम भरायला वेळही जास्त लागतो.

आम्ही सुजेचे तीन प्रकार मानतो.

पहिली, उभं राहून आलेली सूज. रात्रभर बांधून ठेवलेल्या घोडीचे पाय सकाळी भरलेले दिसतात. बहुतेक वेळा मागचे दोन्ही पाय सारखेच. हाताला गार लागतात, दाबलं तरी घोडी पाय ओढत नाही, आणि थोडं चालवलं की सूज उतरते. ही काळजीची नाही.

दुसरी, माराची सूज. लाथ बसली, पाय मुरगळला, दगडावर आपटला. ही काही तासांत येते, पहिल्या-दुसऱ्या दिवशी भरते आणि मग रोज थोडी थोडी ओसरते. अंगठ्याने दाबलं तर पिठाच्या गोळ्यासारखा खड्डा पडतो आणि हळूहळू भरतो. कधीकधी ही सूज खाली घसरते. छातीला लागलं तर दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन पायांच्या मध्ये नाहीतर पोटाखाली लोंबल्यासारखी दिसते. जखम वर आणि सूज खाली बघून घाबरू नका. ती गार आणि मऊ असेल, घोडी खात-पीत असेल, तर ते वजनाने खाली उतरलेलं पाणी आहे.

तिसरी, जखम चिघळल्याची सूज. ती उशिरा येते. आधी सगळं बरं दिसतं, नाहीतर आलेली सूज ओसरायला लागते, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा वाढते. हाताला गरम लागते. कातडी ताणून चकचकीत होते. बोट लावलं तरी घोडी पाय झटकते, कान मागे टाकते. कालच्यापेक्षा आज जास्त लंगडते. अंगात ताप चढतो, चारा कमी होतो. पू येतो किंवा घाण वास येतो. पण पू दिसलाच पाहिजे असं नाही. आमच्या तांबडीच्या जखमेतून बाहेर एक थेंब आला नव्हता.

थोडक्यात, ओसरत जाणारी सूज बरी. थांबलेली सूज डोळ्यासमोर ठेवायची. ओसरून पुन्हा वाढलेली सूज म्हणजे डॉक्टरांना फोन.

रोजची पाच मिनिटं

हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. हात, डोळे, नाक, थोडा दोरा आणि एक थर्मामीटर. जखम झाल्यापासून निदान दहा दिवस, रोज सकाळी, घोडी सोडण्याआधी एवढं करा.

आधी लांबून बघा. चारही पायांवर सारखी उभी आहे का? घोडं विश्रांतीला मागचा एक पाय सैल सोडतं, ते नेहमीचं आहे. पुढचा पाय पुढे काढून ठेवत असेल, किंवा एकच पाय पुन्हा पुन्हा उचलत असेल, तर तिथे दुखतं आहे. रात्रीचा चारा संपला का, लीद पडली का, तेही बघा.

मग हात लावा. तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला ऊन-गार जास्त कळतं. लेकराच्या कपाळाला लावतो तसा हात जखमेच्या भोवती लावा, आणि दुसऱ्या पायाला त्याच जागी लावा. एकट्या पायावरून कळत नाही, दोन पायांतला फरक बघायचा. उन्हात उभ्या घोडीचे पाय गरमच लागणार, म्हणून पहाटे किंवा सावलीत बघा.

मग दोरा. सुजेच्या सर्वांत जाड जागेभोवती दोरा गुंडाळा, जिथे टोक मिळतं तिथे गाठ मारा आणि काढून ठेवा. जागा रोज तीच पाहिजे, म्हणून खुरापासून किती बोटं वर ते लक्षात ठेवा. चार दिवसांचे चार दोरे शेजारी ठेवले की सूज वाढते आहे की उतरते आहे ते उघड दिसतं. आपण रोज बघतो तेव्हा डोळा फसतो, दोरा फसत नाही.

मग ताप. साधं आकडे दिसणारं थर्मामीटर चालतं. घोडीसाठी ते वेगळं ठेवा, त्यावर खूण करा. त्याला थोडं तेल लावून गुदद्वारात हळूच घालायचं आणि वाजेपर्यंत हातात धरून ठेवायचं, सोडायचं नाही. बाजूला, घोडीच्या अंगाला लागून उभं राहायचं. मागे कधीच नाही. मोठ्या घोडीचं अंग साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइट असतं. चालून आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर थोडं वाढतं, म्हणून विसाव्यानंतर मोजा. विसाव्यातही १०२ च्या वर गेलं तर डॉक्टरांना सांगा.

जमत असेल तर नाडीही बघा. खालच्या जबड्याच्या हाडावरून, आतल्या कडेला, जाड दोरीसारखी नस लागते. अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. विसाव्याला उभी असलेली मोठी घोडी मिनिटाला २८ ते ४४ ठोके देते. शांत उभी असूनही ५०-६० ठोके लागत असतील तर तिला बरंच दुखतं आहे किंवा ताप आहे. घोडं दुखणं दाखवत नाही, गाढव तर त्याहून नाही. नाडी मात्र लपवता येत नाही.

लहान भोक, मोठा धोका

फाटलेली मोठी जखम बघून आपण धावतो, आणि खिळ्याचं किंवा काट्याचं भोक सोडून देतो. खरं तर मोठ्या जखमेतून घाण बाहेर वाहून जाते. भोकातून घाण आत जाते आणि वरून झाकण बसतं.

तीन जागांची जखम तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक, सांध्याच्या जवळची. सांध्याच्या आत तेलकट, पिवळसर, बोटाला तार येणारं पाणी असतं. जखमेतून तसं पाणी येत असेल तर सांधा उघडा पडला आहे असं समजा. सुरुवातीला ते पाणी बाहेर निघत असतं म्हणून घोडी फार लंगडत नाही, आणि आपण फसतो. तोंड मिटलं की आत दाब वाढतो आणि घोडी पाय टेकत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांधा धुतला तर पाय वाचायची आशा असते. चार दिवसांनी ती फार कमी उरते.

दोन, पायाच्या मागच्या बाजूची, जिथे जाड शीर दोरीसारखी लागते. तिच्याभोवतीही तशीच पिशवी असते आणि तिच्यातही तसाच पू धरतो.

तीन, खुराचा तळ. विशेषतः मधला मऊ त्रिकोणी भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा. बाभळीचा काटा, खिळा, काच तिथून थेट आत जाते. खिळा दिसला आणि डॉक्टर तासाभरात पोचणार असतील, तर खुराखाली फडक्याची गादी देऊन घोडी तशीच उभी ठेवा. वाट बघण्यात खिळा आणखी आत जाणार असेल तर काढा. पण कुठे होता, किती खोल होता, कुठल्या दिशेने होता, ते लक्षात ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. खुरात पू धरला की वरून काहीच दिसत नाही. काही दिवसांनी घोडी एकदम पाय मोडल्यासारखी लंगडते आणि तो खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागतो.

पाठीचंही असंच आहे. खोगिराचं किंवा ओझ्याचं दडपण ज्या जागी बसतं तिथली सूज ओझं उतरवल्या उतरवल्या दिसत नाही. दाबलेल्या जागी रक्त परत फिरलं की ती वर येते. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर एकदा आणि तासाभराने पुन्हा एकदा पाठीवरून हात फिरवा. आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर विशेष बघा. गरम गाठ लागली तर ती उतरेपर्यंत त्या जागी ओझं नाही. तिच्यावरच लादत राहिलो तर आत खोलवर पू धरतो आणि मग ते दुखणं महिनोन्महिने जात नाही.

धनुर्वात विसरू नका

घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. त्याचे जंतू माती आणि लिदीतच असतात. जखम होऊन साधारण एक ते तीन आठवड्यांनी तो दिसतो. तोवर जखम भरूनही गेलेली असते आणि आपण ती विसरलेलो असतो.

घोडी लाकडी घोड्यासारखी ताठ चालते. कान ताठ, शेपटी थोडी उचललेली, मान वळत नाही. चावता येत नाही म्हणून घास तोंडात तसाच राहतो. भांडं पडल्याच्या आवाजाने दचकते, आणि त्याच वेळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पडदा डोळ्यावर सरकतो. असं दिसलं तर तिला अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. बऱ्याच घोड्या यातून वाचत नाहीत.

पण हा रोग लसीने टळतो. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन टोचण्या आणि मग दरवर्षी एक. वाडा बाहेर पडण्याआधी मेंढरांची लस करतो तेव्हाच घोडीचंही विचारा. आणि जखम झाली की डॉक्टरांना आठवणीने सांगा, लस झाली आहे की नाही.

काय करायचं, काय नाही

जखम झाल्यावर आधी घोडीला शांत करा. रक्त उडत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी दाबून धरा. मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चहाचा चमचा मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवा. भोक असेल तर जोराने आत पाणी मारू नका, घाण आणखी आत जाते. शिवण्यासारखी जखम असेल तर डॉक्टर पहिल्या काही तासांत पोचले पाहिजेत. त्यावर आधीच काही लावलं तर त्यांना शिवता येत नाही.

माराच्या सुजेवर पहिले दोन दिवस गार पाणी सोडा. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा.

हळद, चुना, राख, शेण, जळकं ऑइल, रॉकेल, बॅटरीची पूड यांतलं काहीही जखमेत भरू नका. यातल्या काही गोष्टी आम्हीही भरत आलो. त्यांनी जखमेवर कवच बसतं आणि पू आत राहतो. सुजेवर डाग देऊ नका. नुसता दोरा किंवा चिंधी घट्ट आवळू नका. पट्टी बांधायची तर खाली कापसाचा जाड थर पाहिजे, नाहीतर पट्टीच पायात रुतते. आपल्या दुखण्याच्या गोळ्या घोडीला देऊ नका.

डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं असेल तर घोडी बरी चालायला लागते. ते बघून ओझं घालू नका. जखम बरी झालेली नसते, फक्त दुखणं झाकलेलं असतं. तशा वेळी लंगडण्यावर भरवसा न ठेवता हात, दोरा आणि ताप यांवर ठेवा. आणि जंतू मारायची औषधं जितके दिवस सांगितली तितके दिवस पूर्ण द्या.

माश्यांच्या दिवसांत जखम दोन वेळा बघा. माशीची अंडी पांढऱ्या कण्यांसारखी दिसतात आणि एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. आणि जखम कुत्रा चावल्याची असेल तर हातमोजे घालून साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तिथे पिसाळण्याचा धोका असतो.

फोनवर काय सांगायचं

१९६२ हा जनावरांच्या दवाखान्याचा मोफत क्रमांक आहे. आपण रस्त्यावर असतो, डॉक्टर दूर असतात. त्यामुळे फोनवर नेमकं बोलायला हवं. जखम कधी झाली, कशाने झाली, कुठे आहे. सूज कालच्यापेक्षा वाढली की उतरली. ताप किती. पाय टेकते का, खाते का. धनुर्वाताची लस झाली आहे का. आपला मुक्काम कुठे आहे. एवढं सांगितलं तर डॉक्टरांना तिकडूनच अंदाज येतो.

घोडी पाय टेकत नाही, ताप १०२ च्या वर आहे, पूर्ण पाय एका रात्रीत खांबासारखा सुजला, किंवा सूज दाबली की कातडीखाली कुरकुर आवाज येतो, यांतलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी फोन करा.

आता शेवटचं. गेल्या साली त्याच वाड्यावरच्या काळ्या घोडीच्या पायाला काटा लागला. काटा काढला, चारच थेंब रक्त आलं. घरातले म्हणाले, एवढ्याशा काट्याचं काय? पण वाड्यावरच्या लेकीने रोज दोरा बांधला. पहिले दोन दोरे सारखे, तिसरा बोटभर लांब. तिने ताप घेतला, १०२.४ निघाला. घोडी तेव्हा खात होती, चालत होती. डॉक्टर दुपारी आले, जखम उघडली, धुतली, सात दिवस इंजेक्शनं दिली. वाडा दहा दिवस एकाच जागी थांबला. चाऱ्याची ओढ झाली, कुरबुरी झाल्या. पण अकराव्या दिवशी बिऱ्हाड घोडीच्याच पाठीवरून निघालं.

गटाच्या पुढच्या बैठकीला एक थर्मामीटर, कापसाची गुंडाळी आणि जाड दोऱ्याचं रीळ असं एका डब्यात घालून ठेवा. वाडा निघताना तो डबा मिठाच्या पिशवीबरोबर बांधा, म्हणजे विसरायचा नाही.

राम राम.